लय चढत नाही तेव्हा

लालबागमध्ये वाढलेल्या माणसाच्या कानाला लय चढण्याची सवय असते. डबलबारीच्या भजनात बुवा सुरुवात सावकाश करतात, पण गजर आला की पखवाज आणि झांजा सुटतात. बेंजो पार्टी मंडळाच्या दारात उभी राहिली की बघता बघता ठेका दुप्पट होतो. पाडव्याला गिरगावात शोभायात्रा निघते तेव्हा ढोल-ताशाचंही तेच. एवढंच कशाला, ख्याल ऐकायला बसलो तरी विलंबितानंतर द्रुत येणार हे ठरलेलं. मी ज्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो त्यात लय चढत नाही. जिथे सुरू होते तिथेच राहते, कधीकधी आणखी उतरते. या संगीताला डूम मेटल म्हणतात. गेल्या थंडीत आमचा पहिला अल्बम आला आणि तो घेऊन आम्ही मुंबई, पुणे, बंगळुरू असा दौरा केला. त्याची ही हकिकत.

डूम मेटलची मुळं शोधत गेलं की माणूस बर्मिंगहॅमला पोचतो. तिथे टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैल करून सूरच खाली आणला. १३ फेब्रुवारी १९७० रोजी त्याच्या बँडचा, 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम आला. त्यातल्या पहिल्या गाण्याचा सगळा डोलारा तीन सुरांवर उभा आहे: षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. पंचमाचा आधार नाही, त्यामुळे गाणं सतत लोंबकळत राहतं. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'मध्ये गिटार तीन अर्धस्वर खाली गेली, आणि जड, संथ, खर्जातल्या गाण्यांची वाट तिथून पडली.

कारखान्यात शरीराचा एखादा भाग ठेवून यावा लागतो, याचं आमच्या घरात कुणाला नवल वाटलं नाही. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, पण साच्यांच्या खडखडाटाने गेलेले कान काही परत आले नाहीत. घरात मोठ्याने बोलायची सवय त्यांच्यामुळे लागली ती अजून आहे. मी पहिली बेस गिटार आणली तेव्हा वडिलांनी किंमत विचारली नाही. "कानांचं काय करणार आहेस?" एवढंच विचारलं. तेव्हापासून कानात बोळे घातल्याशिवाय मी अॅम्प चालू करत नाही. बँडमधल्या बाकीच्यांनाही ती सवय लावली आहे.

हे संगीत ऐकायला आणि वाजवायला जागा लागते, आणि मुंबईत खरी ओढाताण तिथे आहे. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं. माझा मोठा आतेभाऊ गिरगावातून चालत जायचा आणि घसा बसवून परत यायचा. पण रंगभवनाला लागून सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात आणला, आणि २००३ च्या सुमारास रंगभवनातला आवाज बंद झाला. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या वाट्याला गिरण्यांची आवारं आली. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ साली 'ब्लू फ्रॉग' उघडलं. तिथे आत जाताना दर वेळी मनात यायचं की आजोबा या आवारात शिरले असते ते हजेरी लावायला. तेही २०१६ साली बंद झालं. एक जागा बंद होते, दुसरी उघडते, आणि नवीन जागेच्या मालकाला पुन्हा पहिल्यापासून समजावावं लागतं की आमचं एक गाणं चौदा मिनिटांचं आहे आणि त्यात बिघाड काही नाही.

मुंबईत असलं काही करणारे आम्ही पहिले नव्हे. 'डर्ज' हा मुंबईचाच बँड. त्यांचा 'आह पूच' हा अल्बम २०१८ मध्ये आला, आणि २०२२ मध्ये बँडच्याच नावाचा दुसरा. आह पूच हा माया संस्कृतीतला मृत्युदेव. बंगळुरूत 'बेवार सी' आणि 'जिन अँड मिस्कॅटॉनिक' त्याआधीपासून संथ वाजवत होते. 'आह पूच' आम्ही चौघांनी एकत्र बसून ऐकला. संपल्यावर आमचा गायक म्हणाला, "माया लोकांचा मृत्यू मुंबईपर्यंत आला. मग परळचा मृत्यू कुणी गायचा?"

अल्बमचा विषय त्या प्रश्नातून निघाला: १८९६ चा प्लेग. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी त्या सप्टेंबरात मांडवीत पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी भायखळ्याला तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, आणि १९२५ पासून ती संस्था हाफकिनच्या नावाने ओळखली जाते. के. ई. एम. रुग्णालयात जाता-येता आम्ही आयुष्यभर तिच्यासमोरून गेलो, पण आत काय घडलं होतं ते गाणी लिहायला घेतली तेव्हा वाचलं. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला होता, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही असं लोकांच्या मनाने घेतलं होतं. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावं म्हणून छपरांची कौलं काढली जात. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू एच एच' ही अक्षरं रंगवली जात. आमची चार गाणी या चार गोष्टींवर आहेत: मांडवी, आर्थर रोड, उघडं छप्पर आणि परळची प्रयोगशाळा. चारही मराठीत. आमचा गायक छातीतून गुरगुरत गातो, आणि त्या आवाजात 'ई' पातळ होते, जोडाक्षरं फुटतात. 'आ' आणि 'ओ' मात्र लांबवर टिकतात. त्यामुळे ओळींची शेवटची अक्षरं त्याने हिशेबाने निवडली. गाठ, माळा, दार असे शब्द राहिले. प्रतिबंधक आणि निर्मूलन गळाले.

लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आम्हाला सरावासाठी एक गाळा रात्रीपुरता भाड्याने मिळतो. दिवसा तिथे खोके बनवतात. त्या खोक्यांच्या थप्प्या भिंतीला लावल्या की आवाज थोडा मरतो. गिटारवाला तारा, कॉर्ड असलं सामान धोबीतलावला फर्टाडोजमधून आणतो, पण गिटारचा आवाज फाडणारा फझ पेडल त्याने घरी बनवला आहे. लॅमिंग्टन रोडला जाऊन बी. सी. ५४९ ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि पत्र्याची डबी घेतली, आणि गिरगावातल्या खोलीत खिडकीजवळ बसून झाळकाम केलं. दुकानदाराने ट्रान्झिस्टर मोजताना विचारलं, "रेडिओ करताय का?" याने हो म्हणून टाकलं.

आमची लय मिनिटाला पन्नास ठोक्यांच्या आसपास असते. म्हणजे दोन ठोक्यांत साधारण सव्वा सेकंदाचं अंतर, आणि चारच्या आवर्तनात स्नेअर एकदाच वाजत असेल तर तो जवळपास पाच सेकंदांनी येतो. कागदावर हे सोपं दिसतं. चार माणसांनी पाच सेकंद गप्प राहून एकाच क्षणी उतरायचं म्हटलं की कुणीतरी आधी पोचतोच. वेगात वाजवताना थोडं मागेपुढे झालेलं खपून जातं, इथे एवढ्यातेवढ्याने दोन ठोके ऐकू येतात. शिवाय हात शिवशिवतात. रिकामी जागा दिसली की ड्रमरला तिथे एक रोल टाकावासा वाटतो, गिटारवाल्याला एक सूर जास्त घ्यावासा वाटतो. चौघांपैकी एकाने तसं केलं की लय नकळत चढायला लागते, आणि दोन आवर्तनांत गाणं साधं रॉक होऊन बसतं.

यातून वाट काढली ती ड्रमरने. तो लहानपणी गिरगावात तबला शिकलेला. त्याच्या गुरुजींनी त्याला अतिविलंबित एकताल धरायला लावला होता. एकतालात बारा मात्रा, आणि अतिविलंबितात एकेक मात्रा इतकी लांबते की तिच्या पोटात आणखी चार मात्रा बसतात. धिं आणि पुढचा धिं यांच्यामध्ये तबलजी जे बारीक काम करतो त्यावर गवयाची भिस्त असते. चौथ्या मात्रेवरचा तिरकिट तर ताणून अख्खी मात्रा व्यापतो. ड्रमरचं म्हणणं असं की हे काम मनात चालू ठेवायचं, हाताने वाजवायचं नाही. तो स्नेअरकडे जाताना ओठांत तिरकिट म्हणतो. आवाज बाहेर येत नाही, पण मी समोर उभा असल्यामुळे मला ओठ दिसतात. त्याच्या 'ट'वर माझं बोट तारेपर्यंत आलेलं असतं. मेट्रोनोमच्या टिकटिकीवर आम्ही हे बसवून पाहिलं होतं. टिकटिक ऐकून प्रत्येक जण स्वतःपुरता बरोबर वाजवायचा आणि एकमेकांकडे बघायचं बंद व्हायचं. ओठ बघून वाजवायला लागल्यावर चौघे एकत्र उतरायला लागलो.

माझी अडचण वेगळी होती. सूर इतका खाली नेला की बेसची तार लोंबायला लागते. लोंबती तार जोरात ओढली तर सूर आधी वर उडतो आणि मग जागेवर येतो. वेगाच्या गाण्यात हे कळत नाही, पण आमच्याकडे तो एकच सूर पाच सेकंद सगळ्यांसमोर उघडा असतो. मग जाड तारा लावल्या, हाताचा जोर कमी केला, आणि आवाज वाढवायचा तो अॅम्पवर, बोटाने नाही, असं ठरवून घेतलं. जड वाजण्यासाठी हलक्या हाताने वाजवायचं, हे पचायला वेळ लागला.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात. तरुणपणी ते डबलबारीत पखवाज वाजवायचे. कच्चं रेकॉर्डिंग मी त्यांना मोबाइलवर ऐकवलं. तीन-चार मिनिटं त्यांनी मांडीवर बोटं धरली, मग माझ्याकडे पाहिलं.

"अरे, हे चढणार कधी?"

"चढणार नाही, काका."

"बिघडलंय का मग काही?"

"नाही, असंच असतं."

"असंच असतं?" ते म्हणाले, आणि फोन परत दिला.

रेकॉर्डिंग सलग केलं, चौघे एका खोलीत, तुकडे न जोडता. चार गाण्यांची मिळून एकेचाळीस मिनिटं भरली. लाँगप्ले रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं नीट मावतात, म्हणजे रेकॉर्ड काढता आली असती, पण खर्च झेपणारा नव्हता. अल्बम इंटरनेटवरच काढला. यात संथ बँडाची एक गंमत आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. तिथे दोन मिनिटांचं गाणं आणि चौदा मिनिटांचं गाणं यांची किंमत सारखीच. वर २०२४ पासून जे गाणं वर्षभरात हजार वेळा ऐकलं जात नाही त्याला तिथे पैसेच नाहीत. आमच्या एका गाण्याच्या वेळात दुसऱ्या कुणाची सात गाणी होतात. बँडकॅम्पवर ऐकणारा अल्बम थेट विकत घेतो, म्हणून आमची जी काही विक्री झाली ती तिथे, आणि त्याहून जास्त कार्यक्रमाच्या दारात मांडलेल्या टेबलावर.

टेबलावर मुख्य माल म्हणजे टी-शर्ट. ते लालबागमध्येच छापले, जिथे मंडळांचे छापतात तिथे. आमच्या चित्रात कौलं काढलेलं छप्पर होतं आणि खाली उंदीर. छापणाऱ्याने पडदा लावताना विचारलं, "मंडळाचं नाव कुठे टाकू?" मी म्हटलं, मंडळ नाही. तो म्हणाला, "मूषक आहे ना, म्हणजे बाप्पाचंच असणार." त्याला प्लेगची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि आपल्या पदरचा सल्ला दिला: काळ्यावर पांढरा रंग दोन हात मारा, एका हातात उंदीर दिसणार नाही. सल्ला बरोबर होता. पंढरीच्या वाटेवर असलेल्या एका पोराने आमचा टी-शर्ट घातलेला फोटो नंतर पाठवला. त्याच्या घरच्यांनाही तो गणपतीचाच वाटला होता.

पहिला कार्यक्रम लोअर परळमध्येच, एका बारच्या मागच्या हॉलमध्ये. काकांना बोलावलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. दारावरच्या पोराने त्यांच्याकडे दोनदा पाहिलं, मग सोडलं. पहिल्या गाण्याच्या अर्ध्यात ते उठून बाहेर गेलेले मला स्टेजवरून दिसले. घरी गेले असतील असं वाटलं. कार्यक्रम संपल्यावर सामान घेऊन उतरलो तर फुटपाथवर भिंतीला टेकून उभे.

"आत काही कळत नव्हतं, नुसतं छातीत बसत होतं," ते म्हणाले. "इथे भिंतीतून ठेका स्वच्छ येतो. बाकीची कटकट आतच राहते."

खर्ज भिंत ओलांडतो आणि वरचे सूर आत अडकतात, हे खरंच आहे. शेजारचे तक्रार करतात तीही नेहमी बेसचीच. मी विचारलं, कसं वाटलं.

"तो ड्रमवाला मध्ये काही भरत नाही. जागा सोडतो आणि बसून राहतो. आमचे हात राहिले नसते."

पुण्याला दादरहून शिवनेरीने गेलो. झांजांची बॅग मांडीवर, गिटारी डिकीत, आणि अॅम्प तिथल्या माणसाने दिलेले. जागा उघड्या गच्चीवरची होती, आणि उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. आमच्या आधीचे बँड लांबले. शेवटचं, परळच्या प्रयोगशाळेचं गाणं बाकी असताना नऊ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. बारा मिनिटं हातात आणि गाणं चौदाचं. संयोजकाने खालून बोटाने गोल फिरवून दाखवलं, म्हणजे उरका. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. लय थोडी वाढवली असती तर गाणं दहाच्या आत बसलं असतं, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाला कळलंही नसतं. ड्रमरने काठ्या वर धरल्या आणि नेहमीच्याच लयीत मोजलं. दहाला एक मिनिट असताना गायकाने हात वर केला, आवर्तन पुरं झालं आणि आम्ही समेवर थांबलो. शेवटची तीन मिनिटं वाजलीच नाहीत. एकाने खालून ओरडून विचारलं, "संपलं?" गायक म्हणाला, "बाकीचं बंगळुरूला."

बंगळुरूला उद्यान एक्स्प्रेसने गेलो. सकाळी दादरला चढलं की दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. स्लीपरमध्ये आमच्या बर्थखाली ड्रमचं स्नेअर, पेडलं आणि टी-शर्टांचे गठ्ठे. सोलापूरच्या पुढे एका आजींनी विचारलं की कुठे भजनाला निघालात का. ड्रमर हो म्हणाला, आणि रात्री त्यांच्या नातवाला बर्थच्या फळीवर तिरकिट शिकवत बसला. बंगळुरूचा श्रोता या संगीताला सरावलेला आहे. तिथे लोक ठोक्यावर मान हलवत नाहीत, आधी थोडे थांबतात, लय कुठे बसते ते पाहतात आणि मग सगळे एकत्र हलायला लागतात. मराठी शब्द त्यांना कळत नव्हते. कार्यक्रमानंतर एकाने टेबलापाशी येऊन 'आर्थर रोड' म्हणजे काय ते विचारलं, आणि मग आपल्या शहरातल्या प्लेगच्या देवीची, प्लेगअम्माची गोष्ट आम्हाला सांगितली. साथ बंगळुरूतही १८९८ मध्ये पोचली होती.

पैशांचा हिशेब थोडक्यात सांगतो. दाराच्या पैशात आणि टी-शर्टांत प्रवास, गाळ्याचं भाडं आणि तारा निघाल्या. रेकॉर्डिंगचे पैसे चौघांनी नोकरीतून घातले, ते तसेच आहेत. चौघांपैकी कुणी हे पोटासाठी करत नाही, आणि एवढ्या लांब गाण्यांवर पोट भरेल असं कुणाच्या डोक्यातही नाही.

लोक विचारतात, मुंबईत हे ऐकायला वेळ कुणाला आहे? आमच्यापुढे साठ-सत्तर जण उभे असतात. कुणी कुर्ल्याहून आलेला असतो, कुणी डोंबिवलीहून, आणि सगळ्यांच्या डोक्यात शेवटच्या लोकलचं गणित चालू असतं. चौदा मिनिटांच्या गाण्यात ते मोबाइल काढत नाहीत असं नाही. सुरुवातीला सगळे काढतात, व्हिडिओ घेतात, मेसेज बघतात, लय कधी चढते याची वाट बघतात. सातव्या-आठव्या मिनिटाला ती चढणार नाही हे कळतं, आणि एकेक करून मोबाइल खिशात जातात. तिथून पुढे ते आमच्याबरोबर मोजायला लागतात. पण त्यासाठी पहिली सात मिनिटं घाई न करता वाजवावी लागतात, आणि दौऱ्यात आम्ही मुख्यतः तेवढंच शिकलो.